विहिरींचा शृंगार

आपल्या संस्थेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी उन्हाळी फेऱ्यांविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. संस्थेची खरी कामे म्हणजे विद्यार्थ्यांना पुस्तके, गरजूंना औषधे आणि वृद्धांची विचारपूस. त्यांच्यापुढे रविवारी पहाटे उठून जुन्या विहिरी पाहत हिंडणाऱ्या दहा-बारा कुटुंबांचे कौतुक ते काय? परंतु या फेऱ्यांतून आम्हाला एक गोष्ट कळली, आणि तिचा संबंध आपल्या वाड्याच्या मागल्या अंगणाशी येऊन पोहोचला. म्हणून हा लेख.

गुढी पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमची पहिली फेरी निघते आणि मृग लागेपर्यंत त्या चालतात. पहाटे साडेपाचला निघावयाचे आणि नऊच्या आत घरी परतावयाचे. वैशाखातील हैदराबादेत त्यापुढे हिंडणे शहाणपणाचे नाही. उन्हाळाच का, असे पुष्कळजण विचारतात. मुलांच्या शाळा बंद असतात हे एक कारण. दुसरे महत्त्वाचे. आश्विनात तुडुंब भरलेली विहीर केवळ पाणी दाखवते. वैशाखात पाणी तळाशी गेले म्हणजे ती आपले बांधकाम दाखवते. दडलेल्या पायऱ्या, कोनाडे, दगडांचे सांधे, झऱ्यांची तोंडे, सारे उघडे पडते. विहीर पाहण्याचा खरा ऋतू हाच.

आड, विहीर आणि बारव

आमच्या फेरीतील मुले प्रथम सर्वांनाच ‘विहीर’ म्हणत. आता ती भेद करू लागली आहेत. आड म्हणजे घराच्या किंवा आळीच्या वापराचा, तोंडाला अरुंद, रहाटाला दोर लावून पोहऱ्याने पाणी शेंदण्याचा. विहीर त्याहून रुंद. शेतावर असेल तर तिच्यावर मोट चाले, बैल धावेवरून उतरत आणि पाणी पाटात पडे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्यात दोर लागत नाही, माणूसच पाण्यापर्यंत खाली जातो. आपल्या हैदराबादेत तिला बावडी किंवा बावली म्हणतात.

पायऱ्यांची योजना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. आपल्याकडे पाऊस तीन-चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे आठ महिने पाण्याची पातळी उतरत राहते. पाणी जसे उतरेल तसा माणूस एकेक पायरी अधिक उतरतो. बारव ही एका अर्थी दगडाची मोजपट्टीच असते. यंदा कितव्या पायरीवर पाणी आहे, हे पाहून गावकऱ्यांना पुढचे दोन महिने कसे जातील याचा अंदाज बांधता येई. शिल्पशास्त्रात प्रवेशमार्गांच्या संख्येवरून बारवांची नावेही ठरलेली आहेत. एका मार्गाची ती नंदा, दोन मार्गांची भद्रा, तीन मार्गांची जया आणि चारही दिशांनी उतरता येईल ती विजया.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ मराठवाड्यात. १९५६ साली राज्ये नव्याने रचली गेली तेव्हा गाव तिकडे राहिले आणि घर इकडे. त्या मराठवाड्यात यादवकाळापासूनच्या बारवा आजही गावोगाव आहेत. परभणी जिल्ह्यातील वालूरची बारव तर पायऱ्यांच्या वळणदार रचनेसाठी प्रसिद्ध आहे. वर उभे राहून पाहिले म्हणजे पायऱ्या शंखाच्या वळ्याप्रमाणे फिरत खाली गेलेल्या दिसतात. साताऱ्याजवळ लिंब गावी वीरुबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविलेली बारा मोटांची विहीर आहे. सुटीत गावी जाणाऱ्या कुटुंबांनी यांतील एखादी तरी मुद्दाम पाहावी.

फुले, दिवे आणि पाकळ्यांची चित्रे

आता शृंगाराकडे वळू. विहिरीला सजविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, मात्र तिला कोणी ‘सजावट’ म्हणत नसे, ‘पूजा’ म्हणत. नव्या विहिरीला पाणी लागले की पहिल्या पाण्याला हळदकुंकू, खण आणि नारळ. बाळंतीण घरोघरच्या रीतीप्रमाणे बाराव्या दिवशी किंवा सव्वा महिन्याने विहिरीवर जाई आणि जलदेवतेची ओटी भरून मगच घरच्या पाण्याला हात लावी. काठावर शेंदूर लावलेले सात दगड असत, त्या साती आसरा. त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची कोणाची छाती होत नसे. लहानपणी आम्हाला त्यांची भीती घातली जाई. आज वाटते, कठड्यापासून मुलांना दूर ठेवण्याचा तो उत्तम बंदोबस्त होता.

महाराष्ट्रात या रीतीला अलीकडे नवे रूप आले आहे. रोहन काळे या तरुणाने २०२० साली ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ सुरू केली. गावोगाव हिंडून विसरलेल्या बारवांची नोंद करावयाची, ती नकाशावर आणावयाची, आणि गावकऱ्यांना हाताशी धरून झाडोरा व कचरा काढावयाचा, असे हे काम आहे. या मोहिमेतून महाशिवरात्रीला बारवांच्या पायऱ्यांवर पणत्या लावण्याचा दीपोत्सव होऊ लागला. ज्या पायऱ्यांवर काल काटेरी झुडपे होती, तेथे दिव्यांच्या रांगा दिसतात.

तेलंगणात पाण्याकाठचा सर्वांत मोठा फुलांचा सोहळा म्हणजे बतुकम्मा. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस स्त्रिया ताटात फुलांचे थर रचून शंकूसारखा मनोरा करतात. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे कुरडू, ही माळावर आपोआप उगवणारी फुले त्यात मानाची. त्यांच्या जोडीला झेंडू, शेवंती, भोपळ्याची फुले. शिखरावर हळदीची गौरम्मा. भोवती फेर धरून गाणी म्हणावयाची आणि शेवटी मनोरा तळ्यात सोडावयाचा. २०१४ पासून हा राज्याचा उत्सव आहे. आपल्या मराठी भगिनी भोंडला आटोपून शेजारणींबरोबर बतुकम्माच्या फेरात उभ्या राहतात, हे या शहराचे वैभव आम्ही मानतो.

साता समुद्रांपलीकडेही असेच काही चालते, हे आम्हाला एका सभासदाच्या कन्येकडून कळले. ती इंग्लंडात डर्बी शहरी असते. तिकडच्या डर्बीशायर परगण्यात उन्हाळ्यात एकामागून एक गावे आपापल्या विहिरी आणि झरे सजवितात, आणि लोक पायी हिंडत ते पाहावयास जातात. टिसिंग्टन हे त्यांतील सर्वांत नावाजलेले गाव. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, तेथील शृंगार होतो. १३४९ च्या सुमारास प्लेगच्या महामारीतून गाव वाचले ते शुद्ध पाण्यामुळे, अशी एक कथा सांगतात. १६१५ च्या अवर्षणातही तेथील झरे आटले नाहीत, अशी दुसरी.

त्यांची कृती समजून घेण्यासारखी आहे. लाकडी चौकटी आधी काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे लाकूड मातीतील ओल शोषून घेत नाही. मग मीठ घालून मळलेली चिकणमाती त्यांत थापतात. मिठाने माती लवकर सुकत नाही. कागदावरील चित्र मातीवर ठेवून टाचणीने टोचून रेषा उमटवितात, रेषांवर कॉफीचे दाणे किंवा बिया बसवितात आणि आत एकेक पाकळी दाबतात. पाकळ्या खालून वर लावत जातात, वरची पाकळी खालचीवर थोडी चढवून, आपण कौले शाकारतो तशी. पाऊस आला तर पाणी ओघळून जाते. आठवडाभर चित्र टिकते, मग उतरविले जाते. पाहुण्यांनी पेटीत टाकलेले पैसे धर्मादाय कामांना जातात. हे वाचून आमच्या खजिनदारांचे डोळे चमकले, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

शृंगारामागील खराटा

या तिन्ही रीती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा आम्हाला ती एक गोष्ट कळली. फुले वाहावयाची तर काठ झाडावा लागतो. पणती ठेवावयाची तर पायरीवरचे गवत उपटावे लागते. बाळंतीण ओटी भरावयास येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी कोणीतरी शेवाळ खरवडते. पूजेच्या निमित्ताने गावातील दहा-वीस जाणते डोळे वर्षातून दोन-तीनदा विहिरीत डोकावत. दगड निखळला, पिंपळाचे रोप फुटले, पाण्याला वास आला, हे तत्काळ ध्यानात येई. शृंगार ही सफाईची आणि तपासणीची सबब होती. ज्या विहिरीची पूजा थांबली तिच्यात डोकावणारे कोणी उरले नाही, आणि जेथे कोणी डोकावत नाही तेथे कचरा पडतो.

याचा क्रमही ऋतूंना धरून होता. वैशाखात पाणी तळाला गेले की गाळ उपसावयाचा, म्हणजे झऱ्यांची तोंडे मोकळी होत. मृगापासून भरती. आश्विनात भरल्या पाण्याला फुले. उन्हाळ्यातील घाम आणि शरदातील फुले ही एकाच कामाची दोन टोके होत.

विहिरी मुक्या का झाल्या?

येथे मागच्या पिढीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. पूर अडविण्यासाठी आणि शहराला पाणी पुरविण्यासाठी १९२० साली उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. नळाचे पाणी घरात आले. जिला दिवसातून चार खेपा कराव्या लागत त्या गृहिणीने नळाचे स्वागत केले नसते तरच नवल!

दुसरे कारण नारू. आपल्यातील वृद्धांना हा शब्द ऐकूनही शहारे येतील. नारूचा जंतू रोग्याच्या पायातून बाहेर येई. तो रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंतूची अळी पाण्यात जाई, सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात वाढे, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. म्हणजे ज्या पायऱ्यांचे आपण कौतुक करतो, त्याच रोगाचा मार्ग होत्या. म्हणून नारू निर्मूलनाच्या मोहिमेत अनेक ठिकाणी पायऱ्या बंद करून वरून शेंदण्याची सोय केली गेली, पाणी कापडातून गाळण्यास शिकविले गेले. १९९६ नंतर देशात रुग्ण आढळला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. ही थोर कामगिरी होय. जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही.

तिसरे कारण कूपनलिका. हैदराबादचा खडक ग्रॅनाइटचा. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत पाणी साठते. उघडी विहीर याच वरच्या थरातून जगते. शेकडो फूट खोल कूपनलिका शेजारोशेजारी झाल्या आणि अंगणे सिमेंटची झाली, तेव्हा हा थर रिता होत गेला. कोरडी विहीर म्हणजे फुकटची कचराकुंडी, असा हिशेब मग लोकांनी केला.

बन्सीलालपेटची बावडी

हा हिशेब उलटा फिरविता येतो, याचे उदाहरण आपल्या शहरातच आहे. सिकंदराबादेतील बन्सीलालपेटची बावडी वर्षानुवर्षे माती-कचऱ्याने भरून गेली होती. खाली सहा मजली रचना आहे, हे शेजारच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. वास्तुविशारद कल्पना रमेश यांच्या ‘द रेनवॉटर प्रोजेक्ट’ने महापालिका आणि राज्य शासन यांच्या साहाय्याने तिचा जीर्णोद्धार केला. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला आणि ५ डिसेंबर २०२२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. आमची मंडळी पहिल्यांदा तेथे उतरली तेव्हा वरच्या रस्त्याचा गोंगाट चार पायऱ्यांनंतर मंदावला आणि गारवा अंगाला लागला. बरोबरच्या एका आजींनी पाण्याला नमस्कार केला. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गोवळकोंड्याजवळ कुतुबशाही घुमटांच्या आवारातील बडी बावलीची भिंत २०१३ च्या पावसाळ्यात कोसळली होती. आगा खान सांस्कृतिक न्यासाने ती पुन्हा उभारली आणि तेथील बावड्यांच्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार लाभला. या दोन्ही ठिकाणी सहकुटुंब जावे. पायऱ्या उंच आहेत, तेव्हा वृद्धांनी वरूनच पाहावे आणि मुलांचा हात सोडू नये.

फुले कोणाची?

फेऱ्यांत सारेच गोड ऐकावयास मिळते असे नाही. एका खेड्यात आम्ही सुंदर बारव पाहून बाहेर आलो, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी सहज विचारले, “तुम्ही सगळे आत उतरलात? आमच्या आज्याला काठावर उभं राहूनही पाणी मिळत नव्हतं. वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ही आठवण न ठेवता विहिरींचे गोडवे गाणे अर्धसत्य होईल. त्या दिवसापासून आमचा नियम झाला. आम्ही ज्या विहिरीवर फुले ठेवू, तेथे आळीतील प्रत्येक घराला निमंत्रण देऊ. सर्वांचा हात लागत नसेल तर तो शृंगार नव्हे.

आपल्या अंगणातील विहीर

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्या वाड्याच्या मागल्या अंगणात, जेथे समारंभाच्या वेळी खुर्च्या रचून ठेवतात, त्या फरशीखाली विहीर आहे. तरुण सभासदांना हे ठाऊकही नसेल. १९८७ साली ती आपणच बंद केली. कोणा बाहेरच्याने नव्हे, संस्थेने ठराव करून. त्या वेळी कारणे बरोबर होती. पाणी वापरात नव्हते, कठडा मोडका होता, अंगणात मुलांचा वर्ग भरे आणि एकदा एक मूल पडता पडता वाचले होते. जाळी बसविण्यास पैसा नव्हता, तेव्हा सिमेंटचे झाकण घातले. ठरावावर सही करणाऱ्यांत आमच्यापैकी एक जण होता. “कठडा बांधायला हवा होता, पण झाकण स्वस्त पडलं,” असे तो आज म्हणतो.

मागील उन्हाळ्यात कार्यकारी मंडळाच्या संमतीने झाकणाचा एक कोपरा जाणत्या कारागिराकडून उघडला. बंद विहिरीत दूषित वायू साठतो आणि तो प्राणघातक असतो. उतरणे तर दूरच, वाकून पाहण्याचीही घाई करू नये. आम्ही कोणालाही खाली सोडले नाही. दोन दिवस हवा खेळू दिली आणि दोराला दगड बांधून सोडला. दगड वर आला तो ओला! ऐन वैशाखात खाली पाणी होते. मोठ्या माणसांनी लहान मुलांसारख्या टाळ्या वाजविल्या.

विहीर पूर्ववत करण्याचा प्रस्ताव आता सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. पक्का कठडा, वर कुलूपबंद लोखंडी जाळी, गाळाचा उपसा, पाण्याची तपासणी आणि वाड्याच्या छपराचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत, असे त्याचे स्वरूप आहे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हैदराबादेत वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर ८०,००० लिटर. निम्मे वाया गेले असे धरले तरी ४०,००० लिटर जमिनीत जाईल. पाणी पिण्यासाठी नसले तरी झाडे आणि सफाई यांपुरते टँकरचे बिल वाचेल. काही सभासदांचा खर्चास विरोध आहे. ते पैसे शिष्यवृत्तीला द्यावेत, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते वजनदार आहे. म्हणून आम्ही असे सुचवितो की, या कामासाठी संस्थेच्या निधीला हात न लावता वेगळी वर्गणी जमवावी. आमच्या फेरीतील कुटुंबांनी तिची सुरुवात केली आहे.

शृंगाराविषयी शेवटची सूचना. तळ्यात सोडलेली फुले मोठ्या पाण्यात विरून जातात, परंतु बंदिस्त विहिरीत ती कुजतात आणि पाण्याला दुर्गंधी आणतात. म्हणून फुले पाण्यात टाकू नयेत. कठड्यावर मातीच्या ताटांत रचावी आणि दुसऱ्या दिवशी काढून खताला घालावी. नारळ, कुंकवाच्या पुड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्यापासून दूर ठेवाव्यात. टिसिंग्टनची मातीची चौकट आमच्या मुलांनी गेल्या सुटीत करून पाहिली. गुडीमलकापूरच्या फुलबाजारातून झेंडू आणला, माळावरचा तरवड आणला. आपल्या उन्हात पाकळ्या आठवडाभर कुठल्या टिकतात! दुसऱ्या दिवशी दुपारी सुकल्या. पण त्या एका सकाळी ओल्या मातीवर पिवळ्या पाकळ्यांची घागर उमटली होती, आणि ती पाहावयास सारी आळी लोटली होती.

अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे उदककुंभ दान करतात. त्या दिवशी सकाळी सहाला वाड्याच्या मागल्या अंगणात जमावे, अशी सर्व सभासद बंधु-भगिनींना आमची विनंती आहे. शेजाऱ्यांनाही बरोबर आणावे. फुले सुटी आणावीत, दोऱ्यात ओवलेली नकोत. आणि प्रत्येक घराने एक खराटाही आणावा. आधी त्याचे काम आहे.